तेरा दिवसांचा वैमानिक

भवानीपुरात इंद्र राय रोड नावाचा एक रस्ता आहे. दक्षिण कोलकात्यात बिऱ्हाड असलेल्या आपल्या मंडळींच्या तो पायाखालचा आहे. हा इंद्र राय कोण, असा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षे पडलाच नव्हता. कोणी जमीनदार, कोणी नामांकित वकील, कोणी दानशूर गृहस्थ असावा असे गृहीत धरून त्या रस्त्याने आम्ही बाजाराच्या पिशव्या वाहिल्या आणि मुलांना शाळेत पोहोचविले. परगावी राहणाऱ्या माणसाचे असे होते खरे. स्वतःच्या गावातील गल्लीबोळांचा इतिहास तो मुखोद्गत ठेवतो आणि ज्या शहराचे अन्न खातो त्याच्या पाट्या नुसत्या वाचून पुढे जातो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा हे जुने देणे फेडावे असे मनात आले.

तो इंद्र राय म्हणजे इंद्रलाल राय. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे आडनाव रॉय असे येते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आकाशात तो लढाऊ वैमानिक होता. तेरा दिवसांत त्याने जे करून दाखविले ते त्यापूर्वी कोणा भारतीयाने केले नव्हते. चौदाव्या-पंधराव्या दिवसाचा हिशेब मात्र त्याला फार काळ मांडता आला नाही. २२ जुलै १९१८ रोजी तो पडला, तेव्हा त्याचे वय एकोणीस वर्षे आणि साडेसात महिने होते.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. घराणे मूळचे बारिसाल जिल्ह्यातील लाखुटियाच्या जमीनदारांचे. वडील प्यारेलाल राय हे बॅरिस्टर असून सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख होते. आई लोलिता राय ही त्या काळाच्या मानाने फारच पुढची बाई. मुलांच्या शिक्षणासाठी ती लंडनला जाऊन राहिली आणि तेथे केवळ संसार करीत बसली नाही. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १९११ साली लंडनच्या रस्त्यांतून जी प्रचंड मिरवणूक निघाली, तीत भारतीय स्त्रियांच्या तुकडीत ती होती. थोरला मुलगा परेशलाल पुढे भारतीय मुष्टियुद्धाचा जनक म्हणून ओळखला गेला. तोही त्या महायुद्धात सैनिक म्हणून लढला. इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला आणि शाळेच्या छात्रसेनेत कवायत करू लागला. म्हणजे बंगालची माती त्याला जन्माने मिळाली होती, पण ज्याला आपण लहानपण म्हणतो ते त्याचे सारे टेम्सच्या काठी गेले. हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील गोष्टीचा नीट उलगडा होत नाही.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. वर्गातील वडीलधारी मुले एकामागून एक आघाडीवर जात होती आणि त्यांची नावे काही महिन्यांनी शाळेच्या मृतांच्या यादीत परत येत होती. इंद्रलालचे मन विमानांवर जडले होते. तो चांगली चित्रे काढी, आणि त्यांचा विषय बहुधा एकच : विमान. उडणारे, गिरकी घेणारे, पेटलेले, कोसळणारे. त्याच्या रेखाचित्रांची वही पुढे दिल्लीच्या पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात आली.

परंतु वैमानिक होणे सोपे नव्हते. रॉयल फ्लाइंग कोअरकडे केलेला त्याचा पहिला अर्ज दृष्टिदोषाच्या कारणावरून फेटाळण्यात आला. यावर त्याने काय केले त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाचे शुल्क भरले, त्याच्याकडून दुसरा अभिप्राय मिळविला आणि तो दाखवून पहिला निर्णय फिरवून घेतला. अठरा वर्षांच्या मुलाने मोटारसायकल विकावी ही गोष्ट किती मोठी, हे ज्यांच्या घरी त्या वयाचा मुलगा आहे त्यांना सांगावयास नको.

दृष्टीचा अडथळा दूर झाला, तरी दुसरा एक अडथळा अधिक जुना होता. त्या काळी भारतीय माणूस ब्रिटिश सैन्यात शिपाई होऊ शकत होता, सुभेदारही होऊ शकत होता. पण राजाची सनद मिळालेला, गोऱ्या शिपायांवर हुकूम चालविणारा अधिकारी होणे वैद्यकीय खात्याबाहेर त्याला शक्य नव्हते. लाखो भारतीय त्या युद्धात उतरले ते या पायरीच्या खालीच उभे राहून. ती बंदी उठविल्याची घोषणा झाली १९१७च्या ऑगस्टमध्ये. इंद्रलालला सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला होता ५ जुलै १९१७ रोजी, म्हणजे त्या घोषणेच्या सहा आठवडे आधी.

हे कसे घडले याचे उत्तर त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात सापडते. इंद्रलाल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला तो ४ एप्रिल १९१७ रोजी. त्या महिन्याला ब्रिटिश वैमानिकांनी ‘रक्तरंजित एप्रिल’ असे नाव दिले. अॅरासच्या लढाईत एका महिन्यात त्यांची २४५ विमाने गेली. शिकून आलेला नवा वैमानिक आघाडीवर काही आठवडे टिकला तरी पुष्कळ, अशी स्थिती आली. अशा वेळी उमेदवाराच्या कातडीचा रंग पाहत बसणे परवडणारे नव्हते. उदारपणापेक्षा निकड हेच त्या दार उघडण्याचे खरे कारण होते, असे आमचे मत आहे.

त्या अर्धवट उघडलेल्या दारातून आत शिरलेले भारतीय वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रावळपिंडीचा हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. इंग्रजांनी घेतले नाही म्हणून त्याने फ्रेंचांची रुग्णवाहिका चालविली. शेवटी त्याच्या प्राध्यापकाने जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले तेव्हा कोठे त्याला विमान मिळाले. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्याने मुद्दाम करवून घेतले होते. ऑक्टोबर १९१७मध्ये पायात गोळ्या लागूनही तो वाचला, पुढे स्वतंत्र भारताचा फ्रान्समधील राजदूत झाला आणि १९८५ साली वृद्धापकाळाने वारला. एरॉल चंद्र सेन हा दुसरा बंगाली तरुण सप्टेंबर १९१७मध्ये जर्मनांच्या हाती पडला आणि युद्धकैद्यांच्या छावणीत राहून सुखरूप परतला. आणि चौथा आपल्या मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिंगकर. त्याच्याविषयी पुढे लिहिणारच आहोत.

इंद्रलालची पहिली नेमणूक १९१७च्या ऑक्टोबरअखेरीस ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली. ही निवडक वैमानिकांची तुकडी होती. आल्बर्ट बॉल तिच्यातलाच, आणि जेम्स मॅककडन त्या वेळी तिच्यात होता. इंद्रलालचा नायक होता कॅप्टन रिचर्ड मेबरी. विमान होते एस. ई. ५ ए. एका माणसाचे, दुपंखी, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले, परंतु दोनशे अश्वशक्तीचे यंत्र बसविलेले आणि त्या काळी अतिशय वेगवान समजले जाणारे. त्यावर दोन मशीनगन असत. एक नाकासमोर, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारी. पाते समोर आले की गोळी थांबावी अशी योजना एका रुमानियन संशोधकाने द्रवाच्या दाबाच्या लहरींवर चालणारी करून दिली होती. दुसरी वरच्या पंखावर बसविलेली. तिचे गोळ्यांचे चक्र संपले म्हणजे वैमानिकाने एका हाताने विमान सांभाळून दुसऱ्या हाताने तोफ खाली ओढावयाची, जड चक्र उपसून नवे बसवावयाचे, आणि हे सारे पंधरा-सतरा हजार फुटांवरच्या उघड्या वाऱ्यात, शत्रू पाठीशी असताना. प्राणवायूची नळी नाही, हवाई छत्री नाही. छत्री तयार होती. निरीक्षणाच्या फुग्यांतील माणसांना ती मिळतही असे. ब्रिटिश वैमानिकांना मात्र ती दिली गेली नाही. विमान पेटले तर काय करावयाचे, या प्रश्नाला त्यांच्यापाशी जी उत्तरे होती ती या मंगल प्रसंगीच्या अंकात आम्ही लिहीत नाही.

नव्या जागी काही आठवडेही नीट गेले नाहीत तोच इंद्रलालचे विमान कोसळले आणि तो जबर जखमी झाला. या अपघाताभोवती एक आख्यायिका गुंफली गेली आहे. मृत समजून त्याला शवागारात ठेवले, रात्री शुद्धीवर येऊन तो फ्रेंच भाषेत ओरडत दार ठोठावू लागला आणि भेदरलेल्या नोकराने कितीतरी वेळ दार उघडलेच नाही, अशी ती हकीकत आहे. भारतात इंद्रलालवर लिहिणारा प्रत्येक जण ती रंगवून सांगतो. आम्ही ती ऐकीव म्हणूनच येथे देतो. युद्धकाळात अशा कथा पुष्कळांच्या नावावर जमा होतात. खरे ते इतकेच की, तो इंग्लंडला परत गेला, उड्डाणास अपात्र ठरला आणि त्याला साहित्य सांभाळणारा अधिकारी म्हणून जमिनीवर बसविण्यात आले. दरम्यान त्याचा नायक मेबरी १९ डिसेंबर १९१७ रोजी मारला गेला.

येथे त्याला सन्मानाने थांबता आले असते. जखम झाली होती, हुद्दा मिळाला होता, आई लंडनलाच होती. पण त्याने पुन्हा तपासणीचा आग्रह धरला. पुन्हा अर्ज, पुन्हा वैद्यांचे मंडळ, आणि १९१८च्या जूनमध्ये पुन्हा फ्रान्स. या वेळी ४० क्रमांकाची स्क्वाड्रन. फ्लाइंग कोअर हे नावही आता उरले नव्हते. १ एप्रिल १९१८ पासून रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले होते. या स्क्वाड्रनचा सेनापती मेजर डॅलस १ जूनला पडला होता. इंद्रलाल तेथे रुजू झाला १९ जूनला.

त्याच दहा दिवसांत मुंबईत एक प्रसंग घडला, आणि तो येथे नोंदविल्यावाचून आम्हांस राहवत नाही. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरविली होती. सरकारला माणसे हवी होती. लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले आणि राजनिष्ठेच्या ठरावासोबत स्वराज्याचा विषय काढू लागले, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना अडविले. लोकमान्य सभात्याग करून बाहेर पडले. त्यांचा सैन्यभरतीला विरोध नव्हता. भारतीयांना अधिकारपदाची सनद द्या, मग माणसे देतो, हे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. सरकारकडून अधिकारपदांचे वचन मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त करा, असा तो करार होता; गांधीजींनी धनादेश परत केला. भारतीय माणूस अधिकारी म्हणून लढू शकेल काय, हा वाद मुंबईच्या सभागृहात असा चालला असताना त्याचे उत्तर फ्रान्समधल्या एका विमानतळावर एक एकोणीस वर्षांचा मुलगा द्यावयास निघाला होता. त्याला या वादाची कितपत कल्पना होती कोण जाणे.

४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये त्याला गुरू भेटला तो कॅप्टन जॉर्ज मॅकएलरॉय, एक आयरिश तरुण. हा स्वतः मिक मॅनॉकच्या हाताखाली तयार झालेला. अंगावर धावून जाण्यात शौर्य नाही. उंची साधा, सूर्य पाठीशी घ्या, अगदी जवळ गेल्याखेरीज गोळी झाडू नका, आणि प्रतिकूल दिसले तर निःसंकोच माघारी फिरा, असे मॅनॉकच्या परंपरेचे शिक्षण होते. मॅनॉकविषयीही दृष्टिदोष लपवून सैन्यात शिरल्याची कथा सांगतात हा एक योगायोग. इंद्रलालने ही विद्या किती लवकर उचलली हे पुढील आकडेच सांगतात.

६ जुलै १९१८ रोजी द्रोकूर गावावर त्याने एक दोन आसनी जर्मन हॅनोव्हर विमान पाडले. ८ जुलैला चार तासांत तीन. मग १०, १३, १५, १८ या तारखांना आणखी. १९ जुलैला कान्यीकूरवर शेवटचे. एकूण दहा. सरकारी प्रशस्तिपत्रात मात्र तेरा दिवसांत नऊ विमाने असे म्हटले आहे आणि आमच्यासारखा कारकुनी स्वभावाचा माणूस सहा ते एकोणीस बोटांवर मोजू लागला तर दिवस चौदा भरतात. पण त्याहून महत्त्वाचा खुलासा वेगळा आहे. त्या काळी ‘पाडले’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक, विमान जमिनीवर आपटताना किंवा हवेत पेटताना प्रत्यक्ष पाहिले. दुसरा, ते गिरक्या खात ताबा सुटल्यासारखे ढगांत नाहीसे झाले. दुसऱ्या प्रकारचे काही जर्मन खाली जाऊन सावरत आणि संध्याकाळी आपल्या मेजावर जेवत. इंद्रलालच्या दहांपैकी पाच पहिल्या प्रकारची आणि पाच दुसऱ्या प्रकारची. प्रत्येक पाचांत एकेक सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतलेले. हा तपशील सांगितल्याने त्याचा मोठेपणा उणा होतो असे आम्हांस वाटत नाही. साऱ्याच नामांकित वैमानिकांचे हिशेब याच पद्धतीने केले गेले. एकूण उड्डाणाचे त्याचे तास १७०च्या थोडे वर होते.

२२ जुलैला तो पहाऱ्यावर निघाला. कार्व्हँ गावावर जर्मनांच्या फोकर डी. ७ विमानांशी गाठ पडली. ती २९ क्रमांकाच्या जर्मन लढाऊ तुकडीची होती. त्या झुंजीत त्याचे विमान पेटून खाली गेले. तो भाग शत्रूच्या ताब्यात होता, तेव्हा त्याला मूठमाती मिळाली ती शत्रूच्या हातून.

त्या जुलै महिन्याची यादी वाचताना मन सुन्न होते. ९ तारखेला मॅककडन अपघातात गेला, २२ तारखेला इंद्रलाल, २६ला मॅनॉक, ३१ला मॅकएलरॉय. ज्यांनी शिकविले आणि जो शिकला त्यांना मृत्यूने वेगळे मोजले नाही. युद्ध संपावयास अजून साडेतीन महिने होते.

इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस देण्यात आला; ती घोषणा सप्टेंबर १९१८मध्ये प्रसिद्ध झाली. तो मिळविणारा तो पहिला भारतीय. एकाच फेरीत दोन-दोन विमाने पाडण्याच्या त्याच्या कौशल्याचा आणि धाडसाचा त्या पत्रात गौरव आहे. पदक घरी आले, आणि पुढील एप्रिलात जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या साम्राज्याने एका हाताने हे दिले त्यानेच दुसऱ्या हाताने ते केले. इंद्रलाल परक्यांसाठी लढला म्हणून त्याला विसरावे, असे म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. तो देशासाठीच लढला असे भाषण ठोकणारेही भेटले आहेत. आम्हांस दोन्ही पटत नाही. तो ज्या मुलांबरोबर वाढला त्यांच्याबरोबर गेला, आणि ज्या पायरीवर भारतीयाने चढू नये असा नियम होता ती चढून गेला. भारतीयांना लष्करी विमान चालविता येणार नाही असे त्यानंतरही चौदा वर्षे सांगितले जात होते. १९३२ साली भारतीय वायुसेना स्थापन झाली तेव्हा कोठे ते बंद झाले. तिच्या पहिल्या पाच वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. ते राय कुटुंबाच्याच नात्यातले, आणि १९५४मध्ये वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्याच पदावर १९७६ साली आपले हृषीकेश मुळगावकर आले, हे आपल्यापैकी वडील मंडळींच्या स्मरणात असेल.

आता वेलिंगकर. मुंबईचा हा तरुण २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवीत असे. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या पातळीच्याही वर असे. दृष्टी चोहोकडे खुली, पण विमान उलटे पडले की पहिला आघात मस्तकावर. २७ जून १९१८ रोजी तो पहाऱ्यावर गेला आणि परतला नाही. जर्मनांच्या हाती तो जखमी अवस्थेत सापडला आणि ३० जूनला वारला, इंद्रलालच्या पहिल्या विजयाच्या सहा दिवस आधी. जर्मन नोंदीत त्याचे नाव भलतेच लिहिले गेले, त्यामुळे युद्ध संपल्यावरही त्याच्या थडग्याचा पत्ता लागण्यास काळ जावा लागला. मुंबईत त्याची वाट पाहणाऱ्या घराचे ते दिवस कसे गेले असतील! इंद्रलालच्या नावाने रस्ता झाला, १९९८च्या डिसेंबरात जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले, २०१९ साली आणखी एक निघाले. वेलिंगकरचे नाव मराठी घरांतून क्वचितच ऐकू येते. निदान या अंकातून ते शंभर घरांत जावे, एवढ्यासाठी ते येथे लिहिले.

हल्ली आपल्या मंडळींची मुले-मुली युरोपात असतात आणि आईवडिलांचेही जाणे होते. फ्रान्समध्ये लील शहराच्या दक्षिणेस, कार्व्हँजवळ एस्तव्हेल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील गावच्या दफनभूमीत इंद्रलाल आहे. दगडावर फ्रेंचबरोबर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत. हे थडगे वीराचे आहे, मान द्या, हात लावू नका, असा त्यांचा आशय. वेलिंगकरचे थडगे आमियँ शहराच्या आग्नेयेस हँगार्ड गावच्या दफनभूमीच्या विस्तारित भागात आहे. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या नोंदवहीत दोघांच्याही जागा दिलेल्या आहेत, आणि दोन्ही गावे एका दिवसात पाहून होतात.